पुढचं डावं चाक

"बाबा, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवता."

माझा मुलगा विनोदकुमार मला हे म्हणाला. आणि कुठे, तर माझ्याच घरात, माझ्या बायकोनं केलेलं उप्पीट खाताखाता. अहो, या कार्ट्याचा जन्म झाला तेव्हा त्याला आणि त्याच्या आईला वाणीविलासच्या दवाखान्यातून घरी कुणी आणलं? मी. गाडी चालवून. तेव्हा कुणी माझा पाय बघितला नव्हता.

झालं होतं एवढंच, की गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड पुन्हा झिजले होते. दसऱ्याला घातलेले संक्रांतीला साफ. त्याच्या आधीचेही असेच गेले. आमच्या मेकॅनिकचं, गुरुदत्तचं, गॅरेज इथेच चामराजपेटेत आमच्या घरामागच्या गल्लीत आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जुनी गाडी झाली तरी हे पॅड दोन वर्षं हलायला नकोत. मग का झिजतात म्हणून विचारलं की दर वेळी नवीन कारण. आधी म्हणाला डुप्लिकेट माल. मग म्हणाला सिग्नल फार. मग मेट्रोच्या कामाची धूळ. शेवटी डोकं खाजवत म्हणाला, "सार, स्वल्प वय झालं," म्हणजे थोडं वय झालं, आणि हे म्हणताना त्यानं गाडीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. हाच माणूस मागच्या मागे विनोदला फोन करून सगळं सांगतो, हे मला त्या उप्पीटाच्या वेळी कळलं.

"कमी वेगात तुमचा पाय ब्रेकवरच असतो," विनोद म्हणाला. "घाबरत चालवणारे असंच करतात. मी पायाशी एक छोटा कॅमेरा लावतो, म्हणजे डेटा मिळेल."

"माझ्या पायावर कॅमेरा? डोंबल तुझं! व्हाइटफील्डच्या ऑफिसात लोकांवर लाव जाऊन." मी बायकोकडे वळलो. "शारदा, तू दर गुरुवारी शेजारी बसतेस. सांग याला, मी ठेवतो का पाय ब्रेकवर?"

"मला काय कळतंय पायातलं?" शारदा म्हणाली. "मी आपली रस्त्याकडे बघते."

"बघ, नाही म्हणाली."

"नाही कुठे म्हणाली?" विनोद म्हणाला.

आता गुरुवारचं सांगतो. शारदाची थोरली बहीण अलका आनेकलला असते. अर्धांगाचा झटका आल्यापासून ती अंथरुणावरच आहे आणि गुरुवारी आम्ही येणार म्हणून बुधवारपासून केस विंचरून घेते. शारदाचे गुडघे गेलेले, बसच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. कॅब जायला मिळते, परत यायला मिळत नाही. आनेकल म्हटलं की ड्रायव्हर फोन उचलायचंच विसरतो. तेव्हा गाडी गेली की अलका गेली, असा हा हिशोब होता. आणि माझं म्हणाल तर चिकपेटेतलं आमचं साड्यांचं दुकान, आजोबांनी घातलेलं, मी बंद केलं तेव्हाही माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. पण गाडीची चावी मुलाच्या हातात द्यायची या नुसत्या कल्पनेनं मला उप्पीट गिळवेना. दुकान गेल्यावर लोक मला 'वासुदेवराव, कुठे निघालात?' एवढंच तर विचारतात. गाडी नसली तर तेही विचारणार नाहीत.

"शेवटचे नवीन पॅड घालू," विनोद म्हणाला. "हेही असेच गेले तर चावी माझ्याकडे, गाडी विकायची. कबूल?"

"कबूल!" मी ओरडलो. रागाच्या भरात माणूस काहीही कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मी गुरुदत्तच्या डोक्यावर जाऊन उभा राहिलो. एरवी मी खुर्चीत बसून पेपर वाचतो, तो आत काय करतो ते त्याचं त्यालाच ठाऊक. या वेळी म्हटलं, प्रत्येक तुकडा माझ्या हातात दे. त्यानं डाव्या चाकाचे पॅड काढले. नुसतं लोखंड उरलं होतं, घासायचा मसाला नावालाही नाही. उजव्या चाकाचे काढले, तर ते अर्धे शिल्लक!

मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. "गुरुदत्त, ब्रेकचं पेडल किती?"

"एक, सार."

"चाकं?"

"पुढची दोन."

"मग मी पाय ठेवला असता तर दोन्ही बाजू सारख्या झिजल्या असत्या की नाही? की माझा पाय एकट्या डाव्या चाकावर राग काढतो?"

गुरुदत्तनं कबूल केलं की मुद्दा बिनतोड आहे. "उजवे पण स्वल्प जास्तच गेलेत सार," असं काहीतरी तो पुटपुटला, पण मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. मग त्यानं डाव्या बाजूला पॅड दाबून धरणारा लोखंडी पंजा, ज्याला हे लोक कॅलिपर म्हणतात, तो काढून दाखवला. गंजून असा बसला होता की हातोड्यानंही हलेना. पॅड एकदा दाबले की सोडायचंच नाही, चाकाला चिकटूनच राहायचं. "मंगळूरच्या गाड्यांना होतं असं, समुद्राची हवा," गुरुदत्त म्हणाला. "बेंगळुरात कुठला समुद्र?"

समुद्र नसेना का, कुत्रं तर आहे! समोरच्या धनलक्ष्मीअक्कांचं तपकिरी कुत्रं आमच्या फाटकात शिरून चाकापाशी पाय वर करतं, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी ठरवलं, या कुत्र्याला रंगेहाथ पकडायचं. मंगळवारी दिवेलागणीला मी वरच्या गच्चीवर काठी घेऊन बसलो.

कुत्रं आलं नाही. आली ती शारदा.

तिच्या एका हातात ताटली होती, दुसऱ्या हातात तांब्या. ताटलीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. तिनं इकडेतिकडे बघितलं, वर मात्र बघितलं नाही. मग ताटली गाडीच्या टपावरून ओवाळली, तोंडानं काहीतरी पुटपुटली, मूठभर मीठ तांब्यात टाकून ढवळलं आणि ते सगळं पाणी पुढच्या डाव्या चाकावर ओतलं. पदरानं हात पुसून शांतपणे आत गेली. गाडीचा पुढचा उजवा कोपरा आमच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकलेला असतो. तिथे तिला शिरताच येत नाही. म्हणून सगळं मीठ एकट्या डाव्या चाकाच्या नशिबी.

मी वरून ओरडणारच होतो. पण मग म्हटलं, थांब वासुदेवा, रविवार येऊ दे.

रविवारी मी काय थाटात खटला चालवला म्हणून सांगू! टेबलावर जुने पॅड मांडले, डावे एकीकडे, उजवे एकीकडे. गंजलेला कॅलिपर वर्तमानपत्रावर ठेवला. एक पेडल, दोन चाकं हा सिद्धांत विनोदला समजावला. तो इंजिनियर असल्यामुळे त्याला वेळ लागला. मग मी उठलो आणि स्वयंपाकघरातून मिठाची बरणी आणून सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

"आई!" विनोदच्या तोंडाचा आ झाला. "तू चाकावर मिठाचं पाणी ओततेस?"

शारदाचा चेहरा लालबुंद झाला. "धनलक्ष्मीअक्का म्हणाल्या," ती खाली मान घालून म्हणाली. "त्या पण ओततात, त्यांच्या स्कूटरवर. दृष्ट लागू नये म्हणून."

"म्हणजे ब्रेक खराब व्हायला लागले म्हणून तू मीठ ओतलंस, आणि मीठ ओतलंस म्हणून ब्रेक आणखी खराब झाले!" विनोद पोट धरून हसायला लागला. मीही हसलो. खूप दिवसांनी आम्ही बापलेक एकत्र हसत होतो, म्हणून मी जरा जास्तच हसलो. विनोदनं माझी माफी मागितली. कॅलिपर नवा, पॅड नवे, चावी बाबांकडेच. सरी, म्हणजे ठीक. निकाल लागला.

पुढचे काही महिने मी अगदी राजासारखा वागलो. जेवताना भाजीत मीठ कमी पडलं की म्हणायचो, "गाडीवर संपलं वाटतं." आमच्या मराठा मंडळात हा किस्सा मी सांगितला, बँकेत सांगितला, आनेकलला अलकाच्या उशाशी बसून सांगितला. अलका अर्ध्या तोंडानं हसली. शारदाही हसली. दर वेळी थोडी कमी हसायची, पण हसायची. मीठ तिनं त्या दिवसापासून बंद केलं. एकदाही उलटून बोलली नाही, हे मला तेव्हा फार सोयीचं वाटलं.

गौरी-गणपतीच्या आधी एका गुरुवारी होसूर रोडवर पुढच्या चाकातून कर्रर्र आवाज आला. लोखंडावर लोखंड. आता हा आवाज मला झोपेतही ओळखता आला असता.

मी तडक घरी आलो. फाटकात गाडी लावल्या लावल्या म्हटलं, "परत टाकलंस ना मीठ?"

"नाही हो."

"शपथ घे."

"नाही टाकलं म्हटलं ना," शारदा म्हणाली आणि गुडघे धरत उतरून आत गेली.

मला खात्री होती की टाकलंच असणार. बायकांचं हे असंच. गुरुदत्तकडे जाऊन मी म्हटलं, आधी डावं चाक उघड. डाव्याचे पॅड पार गेलेले. "बघ! सांगितलं होतं की नाही!" मग त्यानं उजवं उघडलं. तेही पार गेलेले. त्यानं चारही तुकडे ओळीनं बाकावर ठेवले. कुठला डावा आणि कुठला उजवा हे मला ओळखता आलं नसतं. नव्या कॅलिपरवर गंजाचा ठिपका नव्हता, बोटानं ढकलला तर लोण्यातून सरकावा तसा सरकला.

"या वेळी दोन्ही सारखे सार," गुरुदत्त आनंदानं म्हणाला. जणू त्यानंच हे जुळवून आणलं होतं.

एक पेडल, दोन चाकं. माझाच सिद्धांत, मीच सगळ्या गावाला शिकवलेला. माझे कान तापले. मी उगाच विचारलं, "डुप्लिकेट माल असेल का रे?" तो म्हणाला, "अय्यो, तुम्हीच तर कंपनीचा आणून दिलात." मी त्याला म्हटलं, विनोदला यातलं काही कळवू नकोस. तो म्हणाला, छे छे सार. मी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत त्यानं 'पॅड पुन्हा गेले' एवढंच फोनवर सांगितलं असणार, कारण रविवारी विनोद आला तो चपला काढायच्या आतच बोलायला लागला.

पण माझ्याशी नाही.

"आई, परत सुरू केलंस ना ते मिठाचं?"

शारदा मटार सोलत होती. तिनं एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग परत मटारात बघत म्हणाली, "चुकलं रे. मंगळवारी राहवलं नाही."

विनोद तिला काय काय बोलला! शिकलेल्या घरात हे असलं, म्हणाला. बाबांचा जीव जाईल तुझ्या त्या मिठानं एखाद्या दिवशी, म्हणाला. ती "हो रे, हो रे" करत शेंगा सोलत राहिली. आणि मी काय केलं? खोटं कशाला सांगू, मला पहिल्यांदा हायसं वाटलं. चावी वाचली. मी खुर्चीत चक्क मागे रेलून बसलो. मग ती मटाराची ताटली घेऊन आत गेली. दोन-तीन दाणे खाली पडले तरी तिनं ते उचलले नाहीत. शारदा दाणा खाली पडू देत नाही. मी तिच्या मागोमाग आत गेलो.

"तू मीठ टाकलेलं नाहीस," मी म्हटलं.

"हळू बोला. तो ऐकेल."

"मग हो का म्हणालीस?"

"मग काय म्हणायचं होतं? तुमचा पाय म्हणायचं होतं?" ती गॅसकडे तोंड करून बोलत होती. "आता ब्रेक गेले तर मीठ आहे सांगायला. मिठाचं नाव आहे तोवर तुमची चावी आहे. सांभाळा आता ती."

मला बसायला काहीतरी हवं होतं, पण स्वयंपाकघरात पाटसुद्धा नव्हता. "तुला माहीत होतं?"

"चंदापुऱ्याला ती लॉरी थांबली ना, त्या दिवसापासून."

दोन वर्षं झाली असतील त्याला. चंदापुऱ्याच्या वळणावर पुढची लॉरी अचानक उभी राहिली होती आणि आमची गाडी तिच्या मागच्या सळयांपासून वीतभर अलीकडे थांबली होती. मी तेव्हा म्हटलं होतं, बघितलंस, काय ब्रेक मारला! आणि सगळीकडे तसंच सांगितलं होतं.

"त्या दिवसापासून तुमचा पाय ब्रेकवरून उठलेला नाही," शारदा म्हणाली. "इथून आनेकलपर्यंत. कपाळावर घाम येतो तुमच्या, एसी असून. उतरलात की पोटरी चोळत बसता. मला दिसत नाही होय? पण बोलले असते तर तुम्ही माझ्यावरच ओरडला असतात. म्हणून अक्कांना विचारलं. त्या डबड्याला कुणाची दृष्ट लागणार आहे हो! मी तुमच्या भीतीची काढत होते. तुमच्यावरून ताटली ओवाळली असती तर तुम्ही ती भिरकावून दिली असतीत."

दिली असती. अगदी खरं आहे.

"आणि पाय असा आहे हे माहीत असूनही दर गुरुवारी शेजारी येऊन बसायचीस?" मी विचारलं.

"मग काय, एकट्याला जाऊ द्यायचं होतं?"

ती असं म्हणाली आणि कढईत फोडणी टाकली. मला तिच्यापुढे उभं राहवेना. गावभर हिची टिंगल करत फिरलो, आणि ही माझ्या भीतीच्या शेजारी पट्टा लावून बसत होती. मी बाहेर आलो. विनोद मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मी खिशातून चावी काढून त्याच्या हातात दिली.

"दोन्ही चाकं सारखी झिजली आहेत," मी म्हटलं. "तुझ्या आईनं मिठाचा खडासुद्धा टाकलेला नाही. हे पायाचं काम आहे. माझ्या."

विनोद इतके महिने चावी मागत होता, आणि मिळाली तर गरम बटाटा दिल्यासारखी या हातातून त्या हातात करत होता. शारदा झारा घेऊनच दारात आली. "झालं!" ती कडाडली. "सत्यवचनी! मी इतकं सावरलं ते काय यासाठी? आता अलकाक्काकडे कोण नेणार मला?"

"मी नेईन आई," विनोद म्हणाला. "दर गुरुवारी. प्रॉमिस."

गुरुवारी त्याची मीटिंग निघाली. पुढच्या गुरुवारी नक्की, असा त्याचा मेसेज आला, पुढे हात जोडलेलं चित्र. तोवर शारदा नवी साडी नेसून, डब्यात गूळपोळ्या भरून तयार होऊन बसली होती. शेवटी आम्ही बसनं निघालो. बसच्या पायऱ्यांवर कंडक्टरनं तिला वरून ओढलं, मी खालून आधार दिला आणि मागच्या माणसांनी दोघांनाही शिव्या घातल्या. बायकांना तिकीट लागत नाही, त्यामुळे ती ऐटीत खिडकीपाशी बसली आणि मी पाकीट काढत तिच्या शेजारी.

होसूर रोडवर ड्रायव्हर असा काही हाणत होता की माझा उजवा पाय सारखा समोरच्या पत्र्यावर दाबला जात होता. मी घाबरून शारदाकडे बघितलं. ती झोपली होती. तोंड थोडं उघडं, डोकं माझ्या खांद्यावर, मांडीवरचा डबा घसरत चाललेला. चंदापुरं आलं आणि गेलं, तिला पत्ताही नाही. माझ्या गाडीत ती या रस्त्यानं कधीही झोपली नव्हती. मी आपला समजत होतो, हिला बाहेरचं बघायला आवडतं.